माझं वय सव्वाशे वर्षं

२४ जूनच्या मंगळवारी माझा जन्म दाखला एकदाचा हाती आला. त्यावर जन्मतारीख ७ जानेवारी २००० आहे. खरी आहे तीच. पण ही खरी तारीख कागदावर यायला फेब्रुवारी ते जून लागले, नागपूरहून सात खेपा झाल्या, आणि रजा संपल्यावर तीन दिवसांचा पगारही कापला गेला. सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते. कारण रजिस्टरच्या ज्या पानावर मी होते, त्याच पानावर माझ्यासारखे अजून दोन जण निघाले. म्हणजे इतर गावांतही असू शकतात. २००० सालच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरातल्या कोणाचा खेड्यात जन्म झाला असेल, तर एकदा ग्रामपंचायतीत जाऊन रजिस्टर डोळ्यांनी बघून या. गरज पडायच्या आधी.

मी जीएनएम नर्स. नागपुरात एका दवाखान्यात नोकरी. जर्मनीला जायचं ठरवलं, भाषेची परीक्षा झाली, मग कागदांची यादी आली आणि त्यात जन्म दाखला होता. पंचवीस वर्षांत मला तो कोणी मागितलाच नव्हता. पहिलीत नाव घालताना आईनं तोंडी तारीख सांगितली, गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टरात लिहून घेतली. तीच पुढे टी.सी.वर, दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर, पासपोर्टवर चालत गेली. (१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांचं असं चालणार नाही. सुधारलेल्या कायद्यानं त्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्म दाखलाच लागणार आहे.)

पहिली खेप माझ्याच अडाणीपणात गेली. आमचं गाव आर्णीकडचं, म्हणून मी तिथल्या ग्रामपंचायतीत गेले. जन्माची नोंद राहत्या गावी नसते. जन्म जिथे झाला, तिथे असते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे माझी नोंद आजोळी. आजोळ वर्धा नदीच्या काठचं, दोन एसट्या बदलून जावं लागतं. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं.

१८ फेब्रुवारीला तिथे पोचले. ग्रामसेवक नव्हते. (हल्ली या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, मीही तेच लिहिते.) त्यांच्याकडे दोन गावं, शिवाय तालुक्याला मीटिंग. म्हणून पहिली गोष्ट ही करा: ग्रामपंचायतीच्या शिपाईभाऊंचा नंबर घेऊन ठेवा आणि निघायच्या दिवशी सकाळी आठला फोन करा. साहेब येणार की नाही हे त्यांना नक्की माहीत असतं. मला हे तिसऱ्या खेपेला सुचलं.

संगणक परिचालक मात्र होता. माझ्याहून लहान असावा. त्यानं साल २००० टाकून माझं नाव शोधलं. नाही. आईचं नाव टाकलं. नाही. मी म्हटलं, माहेरचं नाव टाकून बघा. तेही नाही. मग त्यानं सालाची चौकट रिकामी ठेवून नुसतं वडिलांच्या नावावर शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"ताई, तुमचीच दिसते. पण हे पाहा."

जन्मतारीख ०७/०१/१९००. लिंग स्त्री. प्रसूतीच्या वेळी आईचं वय २२.

माझी आई १९७७ ची. म्हणजे जन्माच्या सत्त्याहत्तर वर्षं आधीच ती बाळंतीण झाली होती. आम्ही दोघं आधी हसलो. मग मी विचारलं, करून देता का दुरुस्त? तो म्हणाला, मी नाही करू शकत, मी फक्त रजिस्टरमध्ये होतं ते चढवलं. जुन्या नोंदी ऑनलाइन टाकायचं काम निघालं तेव्हा त्यानं पानं समोर ठेवून जसं दिसलं तसं टाइप केलं होतं. इथे त्याचा प्रामाणिकपणा मला नडला. त्यानं आळस करून नुसतं ०० टाकलं असतं, तर एक्सेलसारख्या प्रोग्रामनं ते आपणहून २००० धरलं असतं. ०० ते २९ आले की पुढचं शतक, ३० ते ९९ आले की मागचं, असा त्यात ठोकताळा बसवलेला आहे. त्यानं इमानेइतबारे चारही आकडे भरले.

२१ तारखेला, शुक्रवारी, ग्रामसेवक भेटले आणि लोखंडी कपाटातून रजिस्टर निघालं. कापडी बांधणीचं, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, आत डांबरगोळ्यांचा वास. मी मोबाइलमध्ये फोटो काढू का विचारलं, ते हो म्हणाले. हा फोटो पुढे फार कामी आला, तेव्हा तुम्हीही विचारून काढून घ्या.

पान असं होतं. तारखेच्या रकान्यात छापखान्यातूनच "१९" छापून आलेलं, पुढे दोन आकडे लिहायला जागा. वरच्या ओळी १९९९ च्या: छापील १९, त्यापुढे निळ्या शाईत ९९. डिसेंबरच्या शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ आणि अनुक्रमांक पुन्हा १ पासून. ही पहिली नोंद माझी. ७, १, छापील १९, आणि त्यापुढे त्याच वळणदार निळ्या अक्षरात ००. खाली क्रमांक २, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला मुलगा, तोही १९००. क्रमांक ३, जन्म २९ फेब्रुवारी, पुन्हा १९००. क्रमांक ४ मार्चमधला. तिथे छापील १९ वर आडवी रेघ मारून शेजारी २००० लिहिलेलं आणि बारीक सही.

तेव्हाच्या ग्रामसेवकांच्या लक्षात यायला दोन महिने गेले, एवढंच. नवीन सालात जुनं साल लिहायची सवय कोणाला नसते? फक्त मागच्या तीन ओळींकडे परत जायचं त्यांच्या हातून राहिलं.

माझ्या ओळीत शेवटी "माहिती देणाऱ्याची सही" असा रकाना आहे. तिथे आबाजींची सही होती. आबाजी म्हणजे आईचे वडील. चौथीपर्यंत शिकलेले. सही करताना नावातलं प्रत्येक अक्षर वेगळं, जणू एकेक बी टोबत गेलेत. मी बारा वर्षांची असताना ते गेले. त्यांची सही मी आधी कधी पाहिली नव्हती. ग्रामसेवकांनी रजिस्टर मिटायला हात पुढे केला, तेव्हा मी म्हटलं, थांबा जरा.

परिचालकानं आणखी एक गंमत सांगितली. क्रमांक ३ ची नोंद त्याला ऑनलाइन टाकताच आली नव्हती. २९/०२/१९०० लिहिलं की यंत्र "तारीख अवैध" म्हणे. त्यानं चार वेळा करून पाहिलं आणि सोडून दिलं. १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हतीच. शतकाच्या सालाला ४०० नं भाग गेला तरच ते लीप वर्ष. १९०० ला जात नाही, २००० ला जातो. त्यामुळे क्रमांक १ आणि २ निदान चुकीच्या शतकात का होईना, संगणकात होते. क्रमांक ३ कुठेच नव्हता.

ग्रामसेवक भले होते, पण घाबरले होते. "पंचवीस वर्षांपूर्वीची नोंद, माझ्या अक्षरातली नाही. मी हात लावला अन् उद्या कोणी विचारलं तर? वर विचारावं लागते." त्यांचंही खरं होतं. त्या दिवसांत खोट्या कागदांवर झालेल्या जन्म नोंदींवरून राज्यात ठिकठिकाणी धरपकड चालू होती, अधिकाऱ्यांवर चौकश्या लागत होत्या. कोण कशाला बोट घालणार?

तालुक्याला गेले तर टेबलावरच्या एका बाबूंनी भलताच रस्ता दाखवला. म्हणाले, "असं करा, नोंद आढळत नाही असा दाखला घ्या अन् उशिराची नवीन नोंद करून टाका." ऐकायला सोपं वाटलं. मी अर्धी तयारीही केली होती. बरं झालं, पुढे गेले नाही. एक तर नोंद "आढळत नाही" हे खोटं होतं, ती समोर दिसत होती. दुसरं, जानेवारी २०२५ पासून राज्यात उशिराच्या जन्म नोंदी देणं थांबवलेलं होतं आणि मार्चमध्ये त्यासाठी नवे, कडक नियम आले. तिसरं म्हणजे, तसं केलं असतं तर माझ्या दोन जन्म नोंदी झाल्या असत्या, एक १९०० ची आणि एक २००० ची, आणि कधीतरी कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवल्या असत्या. नोंद मुळात असेल, तर उशिराच्या नोंदीच्या वाटेला जाऊ नका. आपलं काम दुरुस्तीचं असतं.

हे मला समजावलं मामांनी.

मामा जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टर कचेरीत होते, आता निवृत्त. मी त्यांना पानाचा फोटो पाठवला. नुसतं पुढे काय करायचं ते विचारायला म्हणून. पाचव्या मिनिटाला फोन.

"पोरी, हा त वायटूके होय!"

वायटूके म्हणजे इयर टू थाउजंड, २००० साल लागताना संगणकांत होणार म्हणून गाजलेला तारखांचा घोळ. मला वाटलं मामा काहीतरी जोडताहेत. मग त्यांनी तासभर फोन ठेवला नाही.

१९९८-९९ मध्ये मामा कनिष्ठ लिपिक होते. टायपिंग बरं म्हणून त्यांना संगणकांच्या खोलीत बसवलं होतं. भानगड मुळात अशी की संगणक नवे होते तेव्हा त्यांतली जागा फार महाग होती. एका पंच कार्डावर (भोकं पाडून माहिती भरायचा पुठ्ठा) अक्षरं मावत ८०. मग सालाचे पहिले दोन आकडे गाळायची पद्धत पडली. १९६५ ऐवजी नुसतं ६५. पुढे यंत्रं बदलली, सवय तीच राहिली. ९९ संपून ०० लागलं की संगणक ते १९०० समजणार, आणि जिथे जिथे सालांची वजाबाकी होते, म्हणजे व्याज, निवृत्तिवेतन, सेवेची वर्षं, तिथे हिशेब उलटा होणार. उलट दिशेचा घोळ तर आधीच झालेला होता: १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १०४ वर्षांच्या एका आजीबाईंना बालवाडीत नाव घालायचं पत्र आलं होतं, कारण जन्मसाल नुसतं ८८. मी त्यांची नेमकी उलटी. पंचविशीत सव्वाशेची.

दिल्लीत १९९८ मध्ये योजना आयोगाचे सदस्य माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं. वीज, टेलिफोन, रेल्वे, विमानं, बँका अशा खात्यांना तपासण्या करून अहवाल द्यायचे होते. तिथून एकेक पायरी उतरत परिपत्रक मामांच्या टेबलावर आलं. त्यांचं काम सोपं पण कंटाळवाणं. कचेरीतल्या प्रत्येक यंत्रात तारीख ३१ डिसेंबर १९९९, वेळ रात्रीचे ११ वाजून ५८ मिनिटं अशी भरायची आणि दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं आणि आता कोणतं साल दाखवतं ते वहीत लिहायचं. पीसीच्या घड्याळाच्या चिपमध्ये सालाचे दोनच आकडे राहत, शतक वेगळ्या खणात असे. त्यामुळे काही जुनी यंत्रं चालू होताच ४ जानेवारी १९८० दाखवत. "आमी त्याईले ऐंशीवाले म्हनो," मामा म्हणाले. मग तीच परीक्षा २८ फेब्रुवारी २००० ची, दुसऱ्या दिवशी २९ येते की थेट १ मार्च ते बघायला. फॉक्सप्रो या सॉफ्टवेअरमधले पगाराचे प्रोग्राम वेगळे तपासायचे. त्यात "सेट सेंच्युरी ऑन" ही ओळ नसली की सालाचे दोनच आकडे दिसत, आणि भरलेलं ०० मुकाट्यानं १९०० होऊन बसे.

३१ डिसेंबरच्या रात्री कचेरीत सहा जण मुक्कामाला होते. पण त्या दिवशी वायटूकेकडे लक्ष कोणाचं? कंदाहारला अडकलेल्या विमानातले प्रवासी त्याच दिवशी सुटले होते. सगळे टीव्हीला चिकटून. शिवाय न्यूझीलंडमध्ये आपल्या साडेचार वाजताच नवीन साल लागून गेलं होतं आणि तिथे काही बिघडलं नव्हतं, म्हणून धाक ओसरलेला. बाराला पाच कमी असताना लाइट गेली. मामा म्हणतात, अर्धा मिनिट सगळ्यांच्या पोटात गोळा, मग एक शिपाई बोलला, "हे त रोजचंच होय, साहेब." आणि हसू फुटलं. साडेबाराला लाइट आली. सगळी यंत्रं चालली. एक ऐंशीवालं सोडून.

मग मी विचारलं, ग्रामपंचायतींचं काय केलं होतं? मामा थोडे थांबले. प्रत्येक कार्यालयाकडून तक्ता मागवला होता: संगणक किती, तपासले किती, दुरुस्त किती, शिल्लक किती. गावांचे तक्ते आले ते सगळ्या रकान्यांत एकच शब्द घेऊन आले, निरंक. गावात संगणकच नव्हते, तर दुसरं काय लिहिणार? मामांनीच ते निरंक एकत्र करून वर निरंक पाठवलं होतं.

"आमी कम्प्युटरमंदी एकोनीस शोधत रायलो," ते म्हणाले, "अन् तो त छापखान्यातूनच आलता."

मग लगेच कारकून जागा झाला. "कलम लिहिल्याबिगर अर्ज देऊ नोको. अन् दोन प्रती काढ."

तर ते कलम. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १५. नोंदवहीतली एखादी नोंद चुकीची आहे अशी निबंधकाची खात्री पटली, तर तो ती दुरुस्त करू शकतो. मूळ नोंदीत खाडाखोड न करता, समासात लिहून, सही आणि तारीख टाकून. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवकच. नुसती लेखनातली चूक असेल तर निबंधकानं चौकशी करून ती सुधारायची. चूक आशयाची असेल तर घटना माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचं निवेदन लागतं. माझी चूक लेखनाचीच, हे अनुक्रमांकावरून उघड होतं. डिसेंबर १९९९ नंतरची पहिली नोंद १९०० ची कशी असेल? तरी मामा म्हणाले, दोन्ही लाव, परत फिरवायला जागा ठेवू नकोस.

साक्षीला एक शेजारची मावशी तयार झाली आणि दुसऱ्या निवृत्त अंगणवाडी सेविका. सुईण कधीच वारली. आजीला विचारलं तर ती तारीख सांगेना, पण म्हणाली, "तुरी सोंगनं चालू होतं, तुहा आजा वावरातून धावत आलता." मावशीनं तेच वाक्य निवेदनात घालायला लावलं. मी घातलं.

इथे माझे साडेसहाशे रुपये वाया गेले. तहसीलबाहेर टायपिंगवाल्यानं सांगितलं, पाचशेच्या मुद्रांकाशिवाय चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक जाऊन पाचशेचा आला हे मला माहीत होतं, म्हणून मी मुकाट घेतला. टायपिंगचे दीडशे वेगळे. नंतर कळलं की सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असल्याचा आदेश २००४ चाच आहे. साध्या कागदावर चाललं असतं. तुम्ही आधी विचारा, आणि ज्याला मुद्रांक विकायचा आहे त्याला विचारू नका.

७ मार्चला अर्ज दिला. जोडलं ते असं: दहावीचं प्रमाणपत्र, टी.सी., आधार, आईचं आधार आणि तिची टी.सी. (तिचं जन्मसाल दिसावं म्हणून, मुलीच्या आधी आई जन्मावी एवढा पुरावा तर हवाच), दोन निवेदनं, आणि रजिस्टरच्या पानाच्या फोटोची छापील प्रत, ज्यावर लाल पेननं अनुक्रमांकांना गोल केले होते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि सही घेतली. ती पोच मी पर्समध्येच ठेवत असे. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न "आवक नंबर?" हाच आला.

त्यानंतर काही झालं नाही. बरेच दिवस. ग्रामसेवकांनी तालुक्याकडे मार्गदर्शन मागवलं, तालुक्यानं जिल्ह्याकडे. मार्चअखेर म्हणून महिना गेला. एप्रिलमध्ये साहेब बदलले. फोन केला की उत्तर ठरलेलं: "मार्गदर्शन आलं नाही, ताई." जर्मनीवाल्या एजन्सीनं मुदत एकदा वाढवून दिली आणि पुन्हा वाढणार नाही असं कळवलं. रात्रपाळीत रुग्णांचे कागद भरताना मी तारखेपाशी दोनदा थांबायला लागले. बाकीच्या मुली चिडवायच्या, आजीबाई आल्या.

२२ एप्रिलला जिल्ह्याच्या कार्यालयात माहितीचा अधिकार टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्धं पान. भांडण नाही, तीनच प्रश्न: अमुक जावक क्रमांकाचं पत्र कधी मिळालं, सध्या कोणत्या टेबलावर आहे, त्यावर काय निर्णय झाला. प्रश्न छोटे ठेवले की उत्तर टाळायला अवघड जातं. चौथ्या आठवड्यात, १६ मेला, उत्तर आलं आणि त्यासोबत ज्याची अडीच महिने वाट पाहिली ते मार्गदर्शनही. ते एका ओळीचं होतं. कलम १५ अन्वये निबंधकाने आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.

म्हणजे अधिकार पहिल्या दिवसापासून त्याच लोखंडी कपाटाशेजारच्या खुर्चीत होता. मला राग आला, पण ग्रामसेवकांवर नाही येत. त्यांना ती ओळ हवी होती, पाठीशी कागद हवा होता. तो मिळाल्यावर त्यांनी टाळाटाळ केली नाही.

२७ मे. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पंखा होता, लाइट नव्हती. ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडलं, काळा पेन घेतला, आणि समासातल्या अरुंद जागेत बारीक अक्षरात लिहायला लागले: "जन्म दिनांकातील वर्ष १९०० ऐवजी २००० असे वाचावे. कलम १५." खाली सही, तारीख. घामाचा एक थेंब पानावर पडला, तो त्यांनी दस्तीनं टिपला. मूळ १९०० तसंच आहे, कायद्यानं ते पुसायचं नसतं. आबाजींच्या सहीला धक्का लागला नाही, हे मला आवडलं.

मला वाटलं झालं. नाही झालं. कागदावर दुरुस्ती झाली की संगणकावर वेगळी करावी लागते, आणि जुन्या नोंदीतली तारीख बदलायला जिल्ह्याच्या लॉगिनची मंजुरी लागली. परिचालकानं समासातल्या नोंदीचा फोटो, अर्ज, मार्गदर्शनाचं पत्र सगळं चढवलं. दोनदा परत आलं. एकदा फोटो पुसट म्हणून, एकदा आईचं नाव माहेरचं की सासरचं या शंकेनं. हे दुसरं तुमचंही होईल. आधारवर आईचं नाव जसं आहे, ते आणि रजिस्टरमधलं नाव एकाच बाईचं आहे, असं अर्जातच एका ओळीत लिहून द्या. मग सर्व्हर, मग शनिवार-रविवार. २४ जूनला दाखला निघाला, मराठी-इंग्रजी दोन्हीत, क्यूआर कोडसकट. एकूण खर्च मी मांडला तर प्रवास, झेरॉक्स, तो फुकटचा मुद्रांक, टपाल धरून साडेतीन हजारांच्या आत. पगार कापला तो वेगळा. चहापाण्याला कोणी मागितलं नाही, हेही लिहायला हवं.

आता पानावरचे बाकी दोघं. क्रमांक २ चा मुलगा वणीला असतो. मी अर्ज देतानाच त्याच्या घरी सांगून आले होते, त्यांनी माझ्याच अर्जाची नक्कल मारली, आणि मार्गदर्शन आलेलं असल्यामुळे त्याचं काम तीन आठवड्यांत उरकलं. तुमच्या गावात असे अनेक निघाले तर एकत्र जा.

क्रमांक ३ चा चाकणला कंपनीत आहे. त्याच्या आईला मी दाखला आणायच्या दिवशीच भेटले. ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी पानाचा फोटो दाखवला, सगळं सांगितलं, म्हटलं काकू, त्याची नोंद तर संगणकात चढलीच नाही, आत्ताच करून घ्या.

तिनं फोटो लांब धरून पाहिला. मग म्हणाली, "त्याची तारीख त एक मार्च आहे शाळेत. गुरुजी म्हनले होते, एकोनतीस लिहिली तर पोराचा वाढदिवस चार सालातून एकदा येईन. म्हनून एक केली."

म्हणजे दहावी, आधार, परवाना, कंपनीतला पीएफ, सगळं १ मार्चनं चाललेलं. साल दुरुस्त केलं तर तारीख उघडी पडणार, आणि मग नोंद बदलायची की बाकीचे सगळे कागद? मला उत्तर देता येईना. परिचालकालाही फोन लावून विचारलं, तो म्हणाला, ताई, हे मी साहेबांना विचारून सांगतो.

काकूनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि फोटो मला परत दिला. "दिवाळीले येनार हाय तो. पाहू मंग."